बुडालेल्या तासांनाही विम्याचे छत्र हवे

धायरी आणि नऱ्हे या पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या गावांमध्ये सोसायट्या वाढल्या, तशी गाळ्यांची आणि पत्र्याच्या शेडची दाटीही वाढली. फॅब्रिकेशन, सीएनसीवरचे जॉबवर्क, पावडर कोटिंग, प्लॅस्टिक मोल्डिंग अशी कामे करणारे इथले बरेचसे कारखाने दहा, पंधरा, फार तर तीस माणसांचे. त्यांचे सगळे गणित एकदोन मोठ्या कंपन्यांच्या ‘शेड्यूल’वर, म्हणजे या महिन्यात किती नग उचलणार याचा जो आकडा वरून येतो त्यावर, चालते. शेड्यूल घटले म्हणून मालक लगेच माणसे काढत नाही. मशीनवर बसलेला हात एकदा सोडला की पुन्हा मिळत नाही, हे त्याला ठाऊक असते. आधी ओटी बंद होते, मग दुसरी पाळी; मग गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडला जातो, पुढे बुधवारही, आणि बघता बघता सहा दिवसांचा आठवडा तीन दिवसांवर येतो. कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम असते, पगार मात्र निम्मा झालेला असतो. या निम्म्या गेलेल्या पगारापोटी त्याला भारतात कुठून काय मिळते? कुठूनच काही नाही. सरकारच्या लेखी तो नोकरीत आहे, आणि नोकरीत असलेल्याला बेकारी भत्ता कसला, असा हा सरळ हिशेब आहे. तो चुकीचा आहे. विमा बुडालेल्या कामाचा असायला हवा, फक्त बुडालेल्या नोकरीचा नव्हे. आणि तसा तो करण्यासाठी लागणारा नियम, पैसा आणि यंत्रणा आपल्याकडे आज आहे.

आधी आहे ती व्यवस्था पाहू. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या ईएसआयमध्ये, नोंद असलेल्या कामगारासाठी १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या मिळकतीचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा, असे तिचे मूळ रूप. कोविडच्या वर्षी तो पावाऐवजी निम्मा केला गेला आणि अटीही थोड्या सैल झाल्या. आता १८ हजार रुपये पगाराचा एक कामगार घेऊ. दर महिन्याला त्याच्या पगारातून पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये कापले जातात, मालक सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ रुपये भरतो. मंदी आली आणि मालकाने त्याला काढून टाकले, तर निम्म्या दराने त्याला महिन्याला साधारण नऊ हजार रुपये तीन महिने मिळू शकतात. मालकाने त्याला काढले नाही, तीन दिवसांच्या आठवड्यावर ठेवले, तर त्याला नऊ हजार रुपये मिळतात ते राबून. विम्याकडून दमडी नाही. म्हणजे ज्या मालकाने माणूस सांभाळला त्याच्या कामगाराला विमा नाही, ज्याने हात झटकले त्याच्या कामगाराला आहे. कोणत्याही विम्याने नुकसान कमी करणाऱ्याला उत्तेजन द्यावे अशी अपेक्षा असते. हा विमा नेमके उलटे शिकवतो.

बरे, एवढ्यावर भागत नाही. बेकारीच्या या भत्त्याला पात्र व्हायचे तर आधी दोन वर्षे विमाधारक नोकरी हवी. शिवाय नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी निदान एकात तितकीच वर्गणी भरलेली हवी. अंशदान काळ सहा महिन्यांचा असतो: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहा महिन्यांत आठवडे २६. आठवड्याला तीन दिवस काम मिळणाऱ्या रोजंदारीच्या कामगाराचे पगारी दिवस होतात बरोबर ७८. त्यात एखादा आठवडा गणपतीत गेला, चार दिवस ताप आला, किंवा शेड्यूल आणखी आटून आठवड्याला दोनच दिवस मिळाले, की तो ७८ च्या खाली घसरला. मग सहा महिने अर्ध्या पोटी रेटून शेवटी कारखाना बंदच पडला, तर त्याला बेकारी भत्ताही नाही. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रोख मिळण्याचा जो ईएसआयचा जुना हक्क आहे, त्यालाही हीच ७८ दिवसांची अट आहे, म्हणजे तोही गेला. हळूहळू बुडणारा माणूस एकदम बुडणाऱ्यापेक्षा वाईट अवस्थेत सापडावा, असे कुणी मुद्दाम ठरवले नसेल. पण अंशतः बेकारी ही गोष्टच नियम करताना कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती, एवढे त्यातून दिसते.

गंमत म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ती डोळ्यांपुढे होती. १९५३ मध्ये सूती कापडाचे साठे गिरण्यांमध्ये इतके साचले, की काही गिरण्या किंवा त्यांतल्या काही पाळ्या बंद पडण्याची वेळ आली. त्या घाईत केंद्राने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला, आणि औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या भरपाईचे स्वतंत्र प्रकरण आले. कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, मालाचे साठे, यंत्राचा बिघाड अशा कारणांनी हजेरीपटावरच्या कामगाराला काम देता आले नाही तर त्याला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम द्यायची, ही त्यातली मुख्य गोष्ट. पण माझ्या मते त्याहून मोलाची आहे ती व्याख्येखालची बारीक अक्षरे. कामगार पाळीच्या वेळेला हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिले नाही, तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफ समजायचा. त्याला पाळीच्या उत्तरार्धात बोलावले आणि तेव्हा काम दिले, तर तो अर्ध्या दिवसापुरता ले-ऑफ. उत्तरार्धात येऊनही काम मिळाले नाही, तर त्या अर्ध्या वेळेचा पूर्ण पगार. नोकरी शाबूत असताना कामाचे तास गेले तर ते कसे मोजायचे, कुणी सिद्ध करायचे आणि किती भरून द्यायचे, याचे उत्तर आपल्या कायद्यात अर्ध्या दिवसाच्या मापापर्यंत लिहून ठेवलेले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा गाभा कायम आहे. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांत २०१९ च्या वाहन मंदीत ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, झाले, तेव्हा युनियन आणि व्यवस्थापन वाटाघाटीला बसू शकले, ते याच कायद्याचा आधार पाठीशी होता म्हणून.

मग धायरीच्या गाळ्यात हा नियम का पोचत नाही? कारण तो पन्नासहून कमी कामगारांच्या कारखान्यांना लागूच नाही. शिवाय ‘औद्योगिक आस्थापना’ या शब्दाचा अर्थ तिथे फॅक्टरी, खाण आणि मळा एवढाच आहे. दुकान, हॉटेल, मॉल, खासगी रुग्णालय, कॉल सेंटर सगळे बाहेर. बदली आणि नैमित्तिक कामगार वगळलेले. वर्षभराच्या सलग सेवेची, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवसांची अट आहेच, त्यामुळे ज्याला ठेकेदार दर सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतो तो आपोआप गळतो. युनियनच्या सभांमधून एक मागणी नेहमी ऐकू येते: पन्नासची मर्यादा काढून टाका, प्रत्येक मालकाला ले-ऑफची भरपाई द्यायला लावा. मागणीमागची कळकळ समजते, पण ती मला पटत नाही. बारा माणसांच्या पावडर कोटिंगवाल्याचे काम निम्म्यावर आले तेव्हा त्याची कमाईही निम्म्याहून खाली आलेली असते. गाळ्याचे भाडे आणि मशीनचा हप्ता मात्र तसाच असतो. त्या क्षणी त्याच्यावर बसलेल्या माणसांचा अर्धा पगार लादला, तर तो माणसे काढेल, नाहीतर नोंदी लपवेल. हे अनुमान नाही. कोविडच्या टाळेबंदीत, २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व मालकांनी पूर्ण पगार द्यावा असा आदेश काढला. लहान उद्योग न्यायालयात गेले, मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावे असे सांगितले. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला देण्याचा हुकूम सोडला, तर शेवटी घेणाऱ्याच्या हातात फक्त हुकूम उरतो. १९५३ च्या कायद्याने लहान कारखाने वगळले यात म्हणूनच एक शहाणपण होते. चूक एवढीच, की मालकाला वगळल्यावर कामगाराची सोय दुसरीकडे कुठे केली नाही. जिथे एकट्याचा खांदा पुरत नाही, तिथे विमा हाच उपाय असतो.

धायरीच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे, आणि ती या भागाच्या इतिहासातून आली आहे. गाव असताना धायरीच्या मजुराला, निदान कागदावर, कामाचा हक्क होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात फोफावली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता, हे तत्त्व देशात पहिल्यांदा इथे कायद्यात आले. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने त्याला दर बांधून दिला होता: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर किमान निम्मी. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीचा उरलेला भाग इतर दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत आला आणि ग्रामीण हमीचे हे दार बंद झाले. शहरात त्याच्या जोडीचे काहीच नाही. ही हमी शहरातल्या कामगाराला कितपत उपयोगी पडली असती हा वेगळा प्रश्न, कारण सीएनसी चालवणारा माणूस खडी फोडायला जाणार नाही. पण तत्त्व म्हणून पाहिले तर विचित्र वाटते: गावात काम न मिळाल्याचा भत्ता राज्याने मान्य केला, आणि तेच गाव शहर झाल्यावर, जिथे मजुरीवरचे अवलंबित्व वाढते तिथे, काढून घेतला.

जगात इतरत्र ही फट कशी बुजवली गेली, याची दोन वेगळ्या तऱ्हेची उदाहरणे घेण्यासारखी आहेत. जर्मनीत कामाचे तास घटवल्यावर बेकारी विम्याच्या निधीतून कामगाराच्या बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के भाग दिला जातो. पात्रता व्यक्तीची नव्हे, कारखान्याची तपासली जाते: एरवी किमान एक तृतीयांश कामगारांचा पगार दहा टक्क्यांहून जास्त घटलेला हवा, घट तात्पुरती आणि टाळता न येण्यासारखी हवी. २००९ मध्ये जर्मन अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली, पण बेकारी जवळपास जागची हलली नाही. त्या वर्षी एका टप्प्यावर सुमारे १५ लाख कामगार या योजनेवर होते. एप्रिल २०२० मध्ये हा आकडा ६० लाखांच्या आसपास गेला. (सगळे श्रेय योजनेचे नव्हे. जादा काम केलेल्या तासांची बचत खात्यात ठेवण्याची तिथली पद्धतही कामाला आली.) अमेरिकेत व्यवस्था वेगळी आहे, तिथे व्यक्तीच अर्ज करते. अनेक मराठी कुटुंबे ज्या न्यू जर्सीत राहतात, तिथला हिशेब पाहा. नेहमीच्या तासांच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त काम मिळाले नाही, तर माणूस अंशतः बेकार. त्याच्या साप्ताहिक भत्त्यात आधी २० टक्के वाढवायचे आणि त्यातून त्या आठवड्याची कमाई वजा करायची. भत्ता ५०० डॉलर असेल तर हिशेबाला ६०० धरतात. त्याने २५० कमावले तर ३५० विमा देतो. घरी बसला असता तर ५०० मिळाले असते, अर्धवट का होईना काम केले म्हणून ६०० झाले. काम करणाऱ्याचा तोटा होता कामा नये, हे तत्त्व एका वजाबाकीत बसवले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या १६८ व्या करारात कामाचे तास तात्पुरते घटल्याने होणाऱ्या अंशतः बेकारीलाही संरक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. भारताने हा करार स्वीकारलेला नाही.

आपल्यासाठी या दोहोंचे मिश्रण सोयीचे, असे मला वाटते. पन्नासच्या आतला आणि ईएसआयमध्ये नोंदलेला कारखाना किंवा दुकान, ज्यातल्या निदान एक तृतीयांश माणसांचे पगारी दिवस महिन्यात एक पंचमांशाहून जास्त घटले आहेत, तो पात्र धरावा. तिथल्या कामगाराला बुडालेल्या दिवसांच्या सरासरी मिळकतीचा निम्मा भाग विम्यातून द्यावा. अर्ध्या दिवसाला १९५३ चाच नियम लावावा. आपल्या १८ हजारवाल्या कामगाराला तीन दिवसांच्या आठवड्यात नऊ हजार पगार आणि साडेचार हजार विमा असे साडेतेरा हजार मिळतील. मुदत वर्षाला तीन महिने पुरे, पण ‘आयुष्यात एकदा’ ही अट इथे नको. मंदी आयुष्यात एकदाच येते असे मानणाऱ्याने पुण्याचा वाहनउद्योग जवळून पाहिलेला नसावा.

खर्चाचा आक्षेप सर्वात आधी येईल, म्हणून त्याचा हिशेब करून पाहू. समजा दरवर्षी शंभरातले पाच विमाधारक तीन महिने निम्म्या आठवड्यावर गेले. १८ हजार सरासरी पगार धरला तर प्रत्येकाचे २७ हजार बुडतात, विमा साडेतेरा हजार देतो. पाच जणांचे ६७ हजार ५००. शंभर जणांची वर्षाची पगाररक्कम दोन कोटी १६ लाख. म्हणजे खर्च येतो पगाराच्या ०.३१ टक्के. मंदी दुप्पट तीव्र आहे असे धरले, पाचाऐवजी दहा जण, तरी ०.६३ टक्के. आता दुसरा आकडा पाहा. १ जुलै २०१९ रोजी ईएसआयची एकूण वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली. मालकाचा वाटा पावणेपाचावरून सव्वातीन झाला, कामगाराचा पावणेदोनावरून पाऊण. सरकारने स्वतःहून अडीच टक्के सोडले, तेही विमा महामंडळाच्या जमा-खर्चाला ते पेलते असे पाहूनच. त्या अडीचातला पाऊण टक्क्यापर्यंतचा भाग परत घेतला, किंवा साठलेल्या गंगाजळीतून पहिली काही वर्षे चालवले, तर ही योजना उभी राहते. कामगाराच्या वाट्याला यातला पाव टक्का आला तरी १८ हजारांवर ४५ रुपये होतात. तेवढे द्यायला तो तयार होईल का, हे त्याला विचारूनच ठरवावे. पण ज्याला शेड्यूल म्हणजे काय हे ठाऊक आहे तो नाही म्हणेल असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: लबाडी होईल. मालक कागदावर तीन दिवस दाखवेल, काम सहा दिवस करून घेईल, उरलेल्या पगारातला निम्मा विम्याकडून काढेल, आणि कामगारही गप्प बसेल कारण त्याच्या हातात एकूण रक्कम जवळपास तीच पडते. ही भीती खोटी नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. एक, दिवस कमी दाखवण्याचा मोह आजही आहे, कारण तेवढी वर्गणी वाचते; आणि आज त्याविरुद्ध तक्रार करण्याचे कामगाराला काही कारण नाही. दुसरे, तपासणीची साधने आता हाताशी आहेत. दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मालकाला ईएसआयच्या संकेतस्थळावर प्रत्येक कामगाराचे पगारी दिवस आणि पगार भरावाच लागतो. दिवस शून्य असतील तर कारण निवडावे लागते, आणि त्या कारणांच्या यादीत ‘काम नाही’ असे एक कारण आधीपासून आहे. म्हणजे विमा महामंडळाला शून्य काम ओळखता येते, अर्धे काम ओळखण्याची सोय फक्त जोडायची आहे. त्याच्या जोडीला महावितरणचे बिल ठेवा. मशीन शॉप खरोखर अर्धा आठवडा बंद असेल तर युनिट घटल्याशिवाय राहत नाहीत. कागदावर तीन दिवस आणि मीटरवर सहा, ही विसंगती शोधायला इन्स्पेक्टरला धायरीपर्यंत यावेही लागणार नाही. मालकाने बुडालेल्या पगाराचा दहावा हिस्सा स्वतः द्यावा अशी अट घातली तर लबाडीची किंमत आणखी वाढते. एवढे करूनही काही जण फसवतील. आजारपणाच्या रजेतही फसवणूक होते. म्हणून आजारपणाचा विमा बंद करा असे कुणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. मरू घातलेले कारखाने अशा पैशावर जगत राहतात, आणि कामगार जिथे गरज आहे तिथे जाण्याऐवजी तिथेच अडकून पडतो. लांब चाललेल्या योजनांबाबत जर्मनीतही ही टीका झाली आहे, आणि ती मला मान्य आहे. म्हणूनच तीन महिन्यांची मुदत, म्हणूनच मालकाचा हिस्सा. तीन महिन्यांत शेड्यूल परतले नाही, तर ती मंदी नव्हे, धंद्याचा शेवट आहे, आणि तिथे पूर्ण बेकारीचा भत्ता सुरू व्हायला हवा. पण आपल्याकडे ‘कामगार दुसरीकडे जाईल’ हे वाक्य जरा जास्तच सहज वापरले जाते. पूर्ण पगाराची दुसरी नोकरी शेजारच्या गाळ्यात तयार असती तर तो तीन दिवसांच्या आठवड्यावर थांबलाच नसता. मंदीत तो जातो तो डिलिव्हरीला किंवा सिक्युरिटीला, आणि सहा वर्षे शिकलेला हात तिथे वाया जातो. तात्पुरत्या घसरणीत माणसाला कामाला बांधून ठेवणे यातच अर्थव्यवस्थेचा फायदा असतो, हे २००९ च्या जर्मनीने दाखवले ते यासाठीच महत्त्वाचे.

उरतो तो आक्षेप ज्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. धायरीतल्या गाळ्यांमध्ये ईएसआयची नोंदच नसलेले कामगार पुष्कळ आहेत. घरकामाला जाणाऱ्या बायका, नाक्यावरचे बिगारी, रिक्षावाले हे तर या चौकटीच्या पूर्ण बाहेर. त्यांचे तास रोजच घटतात-वाढतात, आणि त्यांना या योजनेतून काही मिळणार नाही. पण त्यांच्यासाठी वेगळी योजना लागेल म्हणून जे नोंदलेले आहेत, वर्षानुवर्षे वर्गणी भरतात, त्यांचा हक्क थांबवून ठेवणे हा न्याय होत नाही. उलट, आज लहान कारखान्यातल्या तरुणाला ईएसआयची कपात नकोशी वाटते, कारण त्याला दवाखान्याच्या रांगेपलीकडे त्यात काही दिसत नाही. मंदीत बुडालेल्या पगाराचा निम्मा भाग भरून येतो असे त्याने एकदा शेजाऱ्याच्या बाबतीत पाहिले, तर नोंद करून घ्या असा तगादा तोच मालकाकडे लावेल. नोंदणी वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही.

हे सगळे व्हायला संसदेची वाट पाहण्याची गरज नाही, हा मुद्दा मुद्दाम सांगायला हवा. कर्मचारी राज्य विमा कायद्यात, आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही, जे सहा लाभ नाव घेऊन दिले आहेत, त्यांत बेकारी नाही. आजारपण, बाळंतपण, अपंगत्व, अवलंबितांना निवृत्तिवेतन, वैद्यकीय उपचार, अंत्यसंस्काराचा खर्च, एवढेच. २०१८ ची बेकारी योजना महामंडळाच्या ठरावातून आली, २०२० मध्ये तिचा दर दुप्पट झाला तोही तसाच, आणि दावा मालकामार्फतच पाठवायचा ही अट काढून कामगाराने थेट शाखा कार्यालयात तो द्यावा ही सुधारणाही त्याच वाटेने झाली. अंशतः बेकारी त्या योजनेत घ्यायलाही तसाच एक ठराव पुरेसा आहे. आणि तो ठराव होईपर्यंत निदान एक लहान दुरुस्ती या वर्षी करता येईल, जिला जवळपास पैसा लागत नाही: मालकाने ‘काम नाही’ म्हणून नोंदवलेले दिवस ७८ च्या हिशेबात धरावेत. त्यामुळे अर्ध्या आठवड्यावर तग धरलेल्या कामगाराचा आजारपणाचा आणि पूर्ण बेकारीचा हक्क तरी सुटणार नाही. पुढच्या ऑक्टोबरमध्ये नवा अंशदान काळ सुरू होण्याआधी महामंडळाच्या बैठकीत हा विषय पटलावर आणण्याचे काम महाराष्ट्रातल्या कामगार संघटनांचे आणि राज्याच्या कामगार विभागाचे आहे; महामंडळावर राज्य सरकारांचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी असतात ते अशाच कामासाठी.